अक्षराआधी आवाज

‘सातारा’ हा शब्द एकदा सावकाश म्हणा. मनात नको, तोंडानं म्हणा. सा… ता… रा… पुन्हा एकदा, आणि या वेळी लक्ष जिभेकडे ठेवा. ‘सा’ म्हणताना जीभ दातांच्या मागे येऊन थांबते, टेकत नाही. मधल्या फटीतून वारा सरकतो. ‘ता’ला ती दातांना चिकटते आणि सुटते. ‘रा’ला तिचं टोक हिरडीच्या मागे एक हलका ठोका देतं. तिन्ही वेळा जबडा तेवढाच उघडतो, कारण तिन्ही वेळा स्वर एकच आहे, ‘आ’. तीन अक्षरं, तिन्हींना काना. एसटीच्या पाटीवर हे नाव आपण कितीदा वाचलं असेल, पण त्यातला हा सारखेपणा सहसा लक्षात येत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या तो ध्यानात येतो. त्याला हा शब्द टाळ्यांवर म्हणायला लावा. बहुतेक वेळा ते तीनच टाळ्या वाजवतं, आणि कुणी सांगितलेलं नसताना वाजवतं.

लहान मुलांना अक्षरं शिकवणाऱ्यांसाठी हे मनन आहे. अंगणवाडीच्या ताई, बालवाडीच्या आणि पहिलीच्या बाई, गुरुजी, संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन बसणारे आजोबा. साहित्य काही लागत नाही. मुलं येण्याआधीची दहा मिनिटं किंवा ती झोपल्यानंतरची पुरतात. वाचता येऊ लागलं की माणसाच्या बाबतीत एक गोष्ट घडते आणि ती घडल्याचं त्याला कळतही नाही: त्याचे कान डोळ्यांच्या ताब्यात जातात. शब्द कानावर पडला की आतल्या आत त्याची अक्षरं दिसू लागतात, आणि मग आपण ऐकलेलं सांगण्याऐवजी दिसलेलं सांगतो. ‘कमळ’मध्ये किती ‘अ’ ऐकू येतात, असं विचारलं तर शिकलेला माणूस तीन म्हणेल. म्हणून बघा. क… मळ्. दोनच. ‘ळ’पाशी आवाज संपतो, तिसरा ‘अ’ कागदावर आहे, तोंडात नाही. मुलाला कागद ठाऊक नाही. त्याच्याजवळ तोंडातलं तेवढं आहे. त्याला शिकवायचं तर आधी त्याच्या जागी बसून ऐकायला हवं, आणि इतकी वर्षं वाचत आल्यावर ते आपल्याला अवघड जातं. म्हणून हा सराव.

आता ‘सांगली’ म्हणा. तितक्याच सावकाश.

इथं टाळ्या दोन पडतात. सांग, ली. लिहिताना अक्षरं तीन, ऐकताना तुकडे दोन. मधल्या ‘ग’चा ‘अ’ बोलण्याच्या ओघात विरतो. आणि ‘सा’वरच्या टिंबाचा आवाज कुठं होतो, ते शोधा. ओठ मिटलेले नाहीत, म्हणजे तो ‘म’ नाही. जिभेचं टोक दातांना लागलेलं नाही, म्हणजे ‘न’ही नाही. जिभेचा मागचा भाग वर उचलला गेला आहे आणि आवाज नाकात घुमतो आहे. आता आणखी चार शब्द घ्या, आणि प्रत्येकात टिंबापाशी थांबून जीभ कुठं आहे ते बघा. पंचमी. थंडी. आनंद. आंबा. शिराळ्याच्या नागपंचमीतल्या टिंबाला जीभ टाळूशी गेली, थंडीत ती वळली, आनंदात दातांवर आली, आणि आंब्यात तर ओठच मिटले. चिन्ह एक, आवाज पाच. हे पाच आवाज आपल्याला कुणी शिकवले? कुणीच नाही. टिंबाच्या पुढं जे अक्षर येणार आहे, त्याची तयारी जीभ आधीच करून ठेवते. इस्लामपूरच्या किंवा तासगावच्या अंगणवाडीत बसलेली चार वर्षांची मुलगी हे बिनचूक करते. व्याकरणाच्या पुस्तकात ज्याला परसवर्ण म्हणतात, तो नियम तिच्या तोंडात तयार आहे. आपण मात्र तिला म्हणणार असतो की तुला अजून काही येत नाही.

या विचारापाशी जरा वेळ थांबा. मूल शाळेत येतं तेव्हा भाषा घेऊन येतं. अक्षर त्याच्याकडे नसतं, पण अक्षरात जे भरायचं ते सगळं असतं.

पुढचं थोडं शांत बसून करायचं आहे. क, च, ट, त, प. एवढी पाच अक्षरं क्रमानं म्हणा, आणि आवाज तोंडात कुठून निघतो त्याचा माग घ्या. ‘क’ घशाजवळून. ‘च’ टाळूवरून. ‘ट’ला जीभ मागे वळून वर लागते, ‘त’ला दातांना, आणि ‘प’ला ओठ. आतून बाहेर अशी ही वाट आहे. आता तळहात तोंडासमोर धरून ‘क’ म्हणा, मग ‘ख’. दुसऱ्या वेळी हाताला वारा लागेल. मग ओठ मिटून ‘ब’ म्हणायची तयारी करा आणि ओठ उघडायच्या आधीच थांबा. घशाला बोट लावलं असेल तर गुणगुण जाणवेल. ‘प’ची तशीच तयारी करा, घसा गप्प असेल. पुढं ‘म’ म्हणत राहा आणि नाक चिमटीत धरा. आवाज तुटला. आपली वर्णमाला अशी रचली आहे: आडव्या ओळीत श्वास आणि घोष बदलतो, उभ्या रांगेत जागा बदलते. कान आणि जीभ यांच्याकडे इतक्या बारकाईनं पाहून कुणीतरी ही मांडणी केली, आणि ती दोन-अडीच हजार वर्षं टिकली. भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं राहून हे एकदा करून पाहिलं, तर तो तक्ता पुन्हा पहिल्यासारखा दिसत नाही. निदान मला दिसत नाही.

पण हा क्रम कुणासाठी आहे? ज्याला आवाज वेगळे काढून तपासायचे आहेत, त्याच्यासाठी. तान्ह्या मुलाच्या तोंडात पहिल्यांदा काय येतं ते आठवा. बा, मा, पा. ओठांचे आवाज. वर्णमालेतला पाचवा वर्ग, आपण तक्त्यावर पार खाली ठेवलेला. ‘क’ जवळचा वाटतो तो आपल्याला, कारण आपण तिथून मोजायला शिकलो. मुलाच्या आयुष्यात जवळचे आवाज वेगळे असतात. आणि ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीनं गिरवत जायचं ठरवलं, तर मुलाच्या हाती एखादा खरा शब्द लागायला फार दिवस जातात. स्वर वेगळे, व्यंजनं वेगळी, मग बाराखडी, मग शब्द. तोवर पुष्कळ मुलांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं की हे काम आपलं नव्हे.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणला हा प्रश्न एका बाईंनी आयुष्याचा केला. डॉ. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेत जन्मल्या. भाषाविज्ञानाच्या अभ्यासक म्हणून साठच्या दशकात फलटणला आल्या, तिथल्याच झाल्या, पुढं त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. त्यांचा प्रबंध फलटणच्या बोलण्यावर आहे: एकाच गावात वेगवेगळ्या जातींतली, कमी-अधिक शिकलेली माणसं मराठी कशी बोलतात, यावर. जाई निंबकरांबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं केली. म्हणजे मराठी तोंडात कशी घडते हे त्यांनी शिकवणाऱ्याच्याही आधी ऐकणाऱ्याच्या कानानं पाहिलं होतं. मग गावातल्या दलित वस्त्यांतली मुलं दिसली, शाळेत नाव असून वाचता न येणारी किंवा शाळेतून गळून पडलेली. त्यांच्यासाठी वर्ग सुरू झाले. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा.

तिथं घडलेली प्रगत वाचन पद्धती समजून घ्यायला सोपी आहे. मुळाक्षरं ओळीनं द्यायची नाहीत. थोडी अक्षरं आणि एखाददुसरं स्वरचिन्ह यांचा छोटा गट घ्यायचा, आणि त्या गटातूनच लगेच शब्द करायचे. पहिल्या गटापासून वाचणं खरं असतं, लिहिणंही. बाराखडी अखेरीची पायरी म्हणून वाट पाहत बसत नाही; काना पहिल्या दिवसांतच हातात येतो.

हे किती मोठं आहे ते स्वतः करून पाहिल्याशिवाय समजत नाही, म्हणून करू या. माझा एक गट घ्या, उदाहरणापुरता: स, त, र आणि काना. चारच चिन्हं. डोळे मिटा आणि यातून कोणते शब्द होतात ते मनात येऊ द्या. शोधू नका, येऊ द्या. सात. तास. रात. तार. तारा. रास. रस, या भागातल्या मुलाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, गुऱ्हाळावरून तो त्याच्या ओळखीचा आहे. सर. सतरा. सारस. मग ‘सतार’, जी मिरजेत बनते. आणि ‘सातारा’. तीन अक्षरं आणि एक काना शिकलेलं मूल आपल्या जिल्ह्याचं नाव लिहितं. शिवाय ‘सतार’ आणि ‘सातारा’ शेजारी लिहिले की काना काय काम करतो ते त्याला दिसतं आणि ऐकूही येतं. त्यावर वेगळा धडा लागत नाही. इथं मी मुद्दाम थांबतो, कारण शिकवणाऱ्यानं हा क्षण नीट पाहायला हवा. काना नसलेला ‘स’ आणि काना असलेला ‘सा’ यांतला फरक मुलानं स्वतः म्हणून ओळखला, की बाकीची स्वरचिन्हं त्याच वाटेनं येतात. बाराखडी घोकून हे झालं असतं का? काहींचं होतं. पण ‘क ला काना का’ म्हणणारी पुष्कळ मुलं सूर म्हणत असतात. ‘क’ कुठं संपला आणि ‘का’ कुठं सुरू झाला याचा पत्ता त्यांना नसतो.

आता साताऱ्यात, कराडात, सांगलीत फॉनिक्सचे वर्ग दिसतात. इंग्रजीसाठी त्यांचा उपयोग आहे. इंग्रजीत ‘सी’ नावाचं अक्षर ‘कॅट’मध्ये ‘क’ म्हणतं आणि ‘सिटी’मध्ये ‘स’. सव्वीस अक्षरांना चाळीसच्या वर ध्वनी सांभाळायचे असतात, तेव्हा अक्षराचं नाव बाजूला ठेवून आवाज आधी शिकवणं शहाणपणाचं. मराठीत ‘क’चं नावच ‘क’ आहे. ही सोय आपल्याला बसल्या जागी मिळाली आहे. ती सोडून इंग्रजीची रीत जशीच्या तशी उचलून मुलाला ‘क्’ आणि ‘अ’ असे तुकडे ऐकायला लावणं मला पटत नाही. चार वर्षांच्या कानाला ‘का’ ऐकू येतो, ‘की’ ऐकू येते. सुटा ‘क्’ हवेत धरता येत नाही. आपलं अक्षर बहुतेक वेळा टाळीएवढं आहे, आणि टाळी मुलाला आधीच येते. गावांच्या नावांच्या भेंड्यांत कान घडवायला जेवढी मदत होते, तेवढी महागड्या संचातून होईल असं मला वाटत नाही. सुरुवातीला शेवटचं अक्षर मागू नका, ते अवघड असतं. पहिल्या आवाजाच्या भेंड्या खेळा: कराडचा ‘क’, मग कोरेगाव, कडेगाव, कवठेमहांकाळ. मूल ‘को’ आणि ‘क’ एकाच घरातले आहेत की नाहीत यावर वाद घालू लागलं, की समजा त्याचा कान उघडला आहे.

यापुढचं मनन जरा जड आहे. ज्या मुलांच्या घरात ‘साळा’ म्हणतात त्यांच्याविषयीचं.

साळा. पानी. येळ. हे शब्द मोठ्यानं म्हणा, आणि म्हणताना स्वतःच्या मनात काय हललं ते प्रामाणिकपणे बघा. दुरुस्त करावंसं वाटलं? ओठांवर ‘शाळा’ आला? तो का आला? माणदेशात, खटावात, जतच्या बाजूला, वाळव्याच्या वाड्यावस्त्यांवर कितीतरी घरांत आई असंच बोलते, आजी असंच बोलते. मुलानं पहिल्यांदा पाणी मागितलं ते ‘पानी’ म्हणून, आणि त्याला ते मिळालं. त्याच्या लेखी हा शब्द पुरेसा आहे. यात आळस नाही. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘श’च्या जागी ‘स’, ‘वे’च्या जागी ‘ये’ हे नेमानं होतं, जिथं व्हायचं तिथंच होतं. ज्याला नेम आहे ती भाषा आहे, आणि बर्नसनबाईंनी फलटणला जे टिपलं ते अशाच नेमांचं काम होतं.

आता असं मूल तक्त्यासमोर उभं करा. ताई म्हणते, ‘श शहामृगाचा.’ त्याला ‘स’ ऐकू येतो. ताई म्हणते, ‘ण बाणाचा.’ आधीच या ‘ण’नं सुरू होणारा शब्द नाही, म्हणून तो बाणाच्या पोटातून काढून दाखवावा लागतो. त्यात मुलाच्या घरी ‘बान’ आहे. म्हणजे तक्ता त्याला जे ऐकायला सांगतो आहे ते त्याच्या कानात अजून नाहीच. ते चुकत नाही. त्याच्याजवळ जे नाही ते आपण त्याच्याकडे मागत आहोत.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर तारेखाली दोरा सरकवत राहतो, केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं, तार बोलकी होईपर्यंत. तार बदलत नाही, तो ऐकत राहतो. ‘ण’ द्यायचा तो असा. मूल जे म्हणतं ते आधी तसंच ऐकून घ्यायचं. मग जीभ मागे वळवायचा खेळ घ्यायचा: ट, ठ, ड सगळ्यांना येतात, ‘ड’ कुणाच्याही घरात आहे. जीभ ‘ड’च्या जागी ठेवा आणि आवाज नाकातून सोडा. आला ‘ण’. हसत-खेळत येतो, आणि आल्यावर मुलाजवळ दोन आवाज होतात. घरचा ‘पानी’ राहतो, शाळेचं ‘पाणी’ येतं. एकाच्या बदल्यात दुसरा मागायचा नाही. आईचा शब्द चुकीचा आहे हे ज्या दिवशी मुलाला कळवलं जातं, त्या दिवशी त्याला आईविषयीही काहीतरी कळवलं जातं, आणि ते खोटं असतं. याबाबत मला तडजोड करता येत नाही.

एका बाबतीत मुलं आपल्याला अगदी निर्धास्त करतात. ‘चार’ म्हणा, मग गुरांचा ‘चारा’ म्हणा. पहिला ‘च’ टाळूवरचा, दुसरा दातांमागचा. ‘झेंडा’ आणि ‘झाड’ यांतही तोच फरक, ‘जेवण’ आणि ‘जाळं’ यांतही. लिपीत खूण एकच आहे. परक्या माणसाला हा फरक शिकायला घाम फुटतो. गोठ्यावर वाढलेलं मूल ‘चारा’ वाचताना कधी अडखळत नाही. शब्द ओळखीचा असला की आवाज आपोआप बरोबर येतो. म्हणून पहिले शब्द मुलाच्या ओळखीचे हवेत.

आता ऊस. ‘ऊ उसाचा’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, आणि कृष्णाकाठच्या मुलाला चित्र दाखवायचीही गरज नाही. पण हे दोन शब्द लिहून बघा. ‘ऊस’मध्ये दीर्घ ऊ. ‘उसाचा’मध्ये ऱ्हस्व उ. ‘ऊ’ची ओळख करून देतानाच तो आपल्या हातून निसटला. हा नियम कुठून आला, ते म्हणून तपासा. ऊस… उसाचा… फूल… फुलं… मीठ… मिठाचा… पहिल्या शब्दात स्वर रेंगाळतो, कारण त्याच्यावर शब्द संपतो आहे. दुसऱ्यात तो आखडतो, कारण पुढं अजून बोलायचं आहे. १९६२ मध्ये शासनानं मान्य केलेल्या लेखननियमांत हे आहे, पण नियम होण्याच्या आधीपासून ते बोलण्यात होतं. म्हणजे वेलांटी पहिली की दुसरी, हे पाठ करण्याच्या आधी ऐकता येतं. मूल पाच वर्षांचं असताना त्याला हा नियम सांगू नये. ‘फूल’ लांबवून म्हणावं, ‘फुलं’ तोडून म्हणावं, पुष्कळदा म्हणावं. वेलांटी चुकली म्हणून या वयात वहीवर खूण करू नये. ज्याच्या कानात हा फरक मुरला, त्याला पुढं नियम सांगितला तर तो ओळखीचा वाटतो.

हाताविषयी थोडं. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि म्हणताना शेवटी म्हणायची, हे डोळ्यांना आणि कानांना विसंगत आहे, आणि मुलं ते उलटं लिहितात तेव्हा ती ऐकल्याप्रमाणे लिहीत असतात. शिवाय मनगटातली आठ लहान हाडं जन्मतः कूर्चेची असतात, एकेक करून घट्ट होतात. चौथ्या-पाचव्या वर्षी त्यांतली काही अजून कूर्चाच असतात. त्या हातात शिसपेन देऊन चौकटीच्या वहीत दोन पानं ‘ग’ काढून मागणं हाताला जाचक आहे. आपल्याकडे धूळपाटी होती. बोटानं धुळीत मोठं अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. मॉन्टेसरीबाईंची खरखरीत अक्षरंही बोटानं फिरवायची असतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गोळा केलेल्या पानाफुलांवर, मातीवर, दगडगोट्यांवर बालवाडी चालवून दाखवली. रांगोळी आहे, ओली माती आहे, दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढणारी बोटं आहेत. पेन्सिल थोडी थांबू शकते.

थांबण्याची भीती पालकांना असते, ती मी कमी लेखत नाही. शेजारच्या इंग्रजी शाळेतलं मूल चौथ्या वर्षी ओळ लिहितं, आपलं अजून माती खेळतं, तेव्हा रात्री झोप लागत नाही. त्या भीतीशी थोडं बसा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून आठव्यापर्यंत धरला आहे. पाच वर्षं आहेत. आणि सातारा जिल्ह्यातच, खंडाळा तालुक्यातल्या नायगावला, १८३१ मध्ये एक मुलगी जन्मली. नवव्या वर्षी, १८४० मध्ये, तिचं लग्न झालं, आणि अक्षरओळख त्यानंतरची. १८४८ मध्ये ती पुण्यात मुलींना शिकवत होती. सावित्रीबाईंना अक्षर उशिरा मिळालं ते अन्यायामुळे. त्याचं कौतुक होऊ शकत नाही. पण अक्षर उशिरा आलं म्हणून कमी आलं, असंही झालं नाही. वेळेवर यायला हवी ती ऐकणारी माणसं, गोष्टी सांगणारी, गाणी म्हणणारी, मुलाला बोलू देणारी. त्यांच्यावाचून गेलेली वर्षं भरून काढणं अवघड असतं.

शेवटचा शब्द ‘कृष्णा’. महाबळेश्वरला उगम, माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, हरिपूरला वारणा असं करत ती सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना बांधते. तिच्या काठच्या मुलाच्या तोंडात हा शब्द अंकलिपीच्या कितीतरी आधी येतो. अंकलिपीत मात्र ऋकार आणि जोडाक्षर यांच्यामुळे तो शेवटच्या पानांवर जातो. मूल तेवढं थांबत नाही. त्याला नदीवर गेल्याचं आत्ताच सांगायचं असतं. मग ते लिहितं ‘क्रुश्ना’. किंवा ‘किस्ना’.

हे दोन शब्द समोर ठेवा आणि लाल पेन लांब ठेवा. ‘क्रुश्ना’ मोठ्यानं वाचा. मराठी माणूस ‘कृ’चा उच्चार ‘क्रु’ असाच करतो. मुलानं ‘र’ ऐकला, त्यानंतरचा ‘उ’ ऐकला, दोन व्यंजनं जोडलेली आहेत हे ओळखलं, आणि ती जोडून दाखवली. ‘श’ आणि ‘ष’ यांतला फरक आज कुणाच्या तोंडात ऐकू येतो? तो डोळ्यांनी शिकायचा आहे, यथावकाश. आता ‘किस्ना’ वाचा. हे घरचं नाव आहे, आजी हाक मारते ते, आणि जसं ऐकलं तसं अक्षर न् अक्षर उतरलं आहे. दोन्ही मुलांनी आवाजाचं काम चोख केलं. जे राहिलं ते लिपीचं आहे, आणि लिपी दाखवून द्यायची असते.

दाखवायची अशी. मुलाच्या शब्दावर काट मारायची नाही. त्याखाली आपल्या हातानं ठळक ‘कृष्णा’ लिहायचं. बोट ठेवून आधी त्याचं वाचायचं, मग आपलं, आणि शाळेच्या पुस्तकात असं लिहितात एवढंच सांगायचं. त्यानं हवं तर पुन्हा काढावं, नको तर राहू द्यावं. मग पुढचा प्रश्न नदीबद्दल विचारायचा: कुणाबरोबर गेला होतास, पाणी कुठवर होतं, पुलावरून काय दिसलं. तो सांगू लागला की पाटी पुन्हा त्याच्या हातात द्यायची.